एक तोळा, चार मासे, दोन गुंजा

नरडाण्याच्या फाट्यावर चहा पिताना 'बोअर' हा शब्द उच्चारू नये. मी एकदा उच्चारला, आणि तोही 'मीडियम बोअर' असा. बाकड्यावरच्या चौघांनी एकदम बशा खाली ठेवल्या.

"मीडियम म्हंजे? साडेसहा इंची का साडेचार?" आबांनी विचारलं.

"आबा, मी रायफलचं म्हणतोय."

"कितला फूट गया?" हा प्रश्न पलीकडच्या बाकड्यावरून. त्यांना 'रायफल' ऐकू गेलं नव्हतं, 'बोअर' तेवढं गेलं होतं.

"पानी लागनं का नुसता फुफाटा?"

त्यांची चूक नाही. आमच्या शिंदखेडा तालुक्यात बोअर म्हणजे जमिनीत पैसे ठेवायचं भोक. प्रत्येकाने निदान एकदा ठेवलेले असतात, त्यामुळे दुसऱ्याने किती ठेवले याची आपुलकीने चौकशी होते. बंदुकीच्या नळीच्या पोकळीलाही बोअरच म्हणतात, हे मी समजावून सांगितलं. काडतुसाच्या पितळी नळकांड्याला इंग्रजीत केस म्हणतात, हेही सांगितलं. तिथे पुन्हा घोटाळा झाला.

"बंदुकले केसिंग कशाले?" आबा म्हणाले. "बंदूक काय ढासळस का?"

मी चहाचे पैसे देऊन उठलो.

आता ही रायफल माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवं, कारण मी मुळात बंदुकीचा माणूस नाही. तीस वर्षं एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिला. रायफल बापूकाकांची. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, .३१५ बोअरची, पाच गोळ्यांची, दर वेळी खटका मागेपुढे ओढून गोळी भरायची. काकांनी ती १९७१ साली हौसेने घेतली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीला लगाम बसला. त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, आणि काकांनी नेमकी त्याच वर्षी केळी लावली होती. मुहूर्त साधण्याबद्दल काकांची ख्याती घराण्यात अजून टिकून आहे.

काका गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि वारसाहक्काने रायफल माझ्या गळ्यात पडली. परवाना नावावर होईपर्यंत जे कागद गोळा केले, त्यांचं वजन रायफलीपेक्षा जास्त भरलं असतं. कागद पूर्ण झाले तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो. निवृत्त माणसाच्या हातात रिकामा वेळ आणि रायफल एकत्र पडली की तो वाचायला लागतो. मी शिकारीवरची इंग्रजी पुस्तकं वाचायला लागलो, आणि मग कुठली गोळी, किती वजनाची, कुठली दारू, या प्रश्नांनी माझी झोप उडाली. शिकार करायचीच नव्हती. पण लग्न करायचं नसलं म्हणून वधूवर-सूचक वाचू नये असं थोडंच आहे?

या पुस्तकांत बोअरच्या तीन जाती मानतात : लहान, मध्यम, मोठी. मध्यम साधारण .३३ इंचापासून .४० पर्यंत. त्या घराण्यातला कर्ता पुरुष म्हणजे .३७५ हॉलंड अँड हॉलंड, जन्म १९१२. त्याच्याहून सात वर्षांनी मोठा एक जर्मन आहे, ऑटो बॉक नावाच्या बंदूककाराचा ९.३ × ६२, तो आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांचा लाडका. आणि आमची .३१५? ती मध्यमच्या दारात येऊन थांबली. दोन मार्कांनी फर्स्ट क्लास हुकलेल्या मुलासारखी. मी तिला मीडियमच म्हणतो. खानदेशात 'मध्यम' या शब्दाला तसाही काही धरबंध नाही. धुळे रोडच्या धाब्यावर पुण्याच्या पाहुण्याने शेवभाजी 'मीडियम' सांगितली, आणि पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून जे पाणी लागलं, तेवढं आमच्या कुठल्याच बोअरला लागलेलं नाही.

तर गोळीचं वजन. हे 'ग्रेन'मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे दाणा, जवाचा. सात हजार ग्रेनचा एक पौंड. पुस्तकात १८० ग्रेन, २७०, ३०० असे आकडे भराभर येत होते आणि डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नव्हतं. कापसाच्या गाठी मोजलेला माणूस मी, दाण्यांचा हिशेब मला कसा कळावा?

कोडं सुटलं दिवाळीत. माझा शालक जळगावला सराफाच्या पेढीवर असतो. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता मी सहज म्हणालो, "अमेरिकेत एकशेऐंशी ग्रेनची गोळी फार चालते म्हणे."

"म्हणजे एक तोळा," तो म्हणाला.

"काय?"

"जुना तोळा एकशेऐंशी ग्रेनचाच. पंधरा ग्रेनचा मासा, बारा माशांचा तोळा. आठ गुंजांचा मासा. आता सगळं दहा ग्रॅमवर आलं, पण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना अजून हेच लागतं."

मी सुपारी तशीच हातात धरून बसलो. इंग्रजांनी १८३५ साली जो चांदीचा रुपया पाडला, तोही वजनाला नेमका १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. अमेरिकन शिकारी त्याच्या .३०-०६ रायफलीतून तोळ्याची गोळी सोडतो तेव्हा वजनाने बरोबर एक राणीछाप रुपया हवेत भिरकावत असतो. गोळी चुकली की रुपया गेला, इतका सरळ हिशेब मी जिनिंगमध्येही पाहिला नव्हता.

त्या रात्री आम्ही दोघांनी जगातल्या तमाम शिकाऱ्यांचा दागिना केला. .३७५ ची २७० ग्रेनची गोळी म्हणजे चोख दीड तोळा. तीनशेची म्हणजे एक तोळा आठ मासे. हलकी २३५ ची म्हणजे एक तोळा, तीन मासे, पाच गुंजा आणि वर थोडी धूळ. जर्मन ९.३ ची गोळी २८६ ग्रेनची. तिथे शालकाने नाक मुरडलं. "एक तोळा सात मासे आणि अर्धी गुंज. ही अर्धी गुंज कशाला ठेवली? घडणावळीत घालायची." आमच्या .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची : एक तोळा, चार मासे, दोन गुंजा. "लग्नातल्या मधल्या काकूंची पोत," तो म्हणाला, "मिरवायलाही नाही आणि लपवायलाही नाही."

सौ.ला आमची चर्चा स्वयंपाकघरातून अर्धवट ऐकू गेली होती. तिला वाटलं की पाडव्याची तयारी चालू आहे. तिचा तो गैरसमज दूर करताना जे झालं ते इथे लिहीत नाही.

आता हलकी बरी की जड? नरडाण्यात हे समजावणं सोपं आहे, कारण आमच्या गावाला हमरस्ताही आहे आणि रेल्वेही. हलकी गोळी म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरची ट्रॅव्हल्स. सुसाट सुटते, सरळ रेषेत जाते, पण समोर काही आडवं आलं की तिचाच चुरा. जड गोळी म्हणजे सुरत-भुसावळ लाइनवरची कोळशाची मालगाडी. निघते संथ, लांबवर जाता जाता नाक खाली घालते, पण तिच्यासमोर म्हैस आली तर गाडीला ते पुढच्या स्टेशनात कळतं. पुस्तकं म्हणतात, हरणासाठी ट्रॅव्हल्स घ्या, रानरेड्यासाठी मालगाडी. आणि गोळी जितकी बारीक व लांब, तितकी ती खोल शिरते. बारीक सुई आणि दाभण यांच्यातला हा भेद गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतो. इंग्रजीत त्याला भलंमोठं नाव आहे एवढंच.

हा वाद आमच्या सातपुड्याइतका जुना नसला, तरी सातपुड्याच्या अंगाखांद्यावर खेळलेला आहे. पलीकडे निमाडात १८६० च्या दशकात कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा इंग्रज अधिकारी होता. माणूस जमीन महसुलाचं काम बघायचा आणि उरलेला वेळ गोळ्यांचा विचार करायचा. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर त्याने आख्खं पुस्तक लिहिलं. मत असं की गोळी साधी गोल ठेवा, दारू मात्र सढळ हाताने घाला, आणि नळीतले आटे कमी पिळाचे ठेवा. लांबट जड गोळीवाले त्याच्याशी भांडले. महसूल खात्यातला माणूस सढळ हाताने काही घाला म्हणतो, एवढ्यावरूनच मला तो वेगळा वाटला. अलीकडे, आमच्या बाजूला, त्याच्या चाळीसेक वर्षं आधी जेम्स आउट्रम होता. १८२५ साली त्याने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांनी त्याच्यावर भरवसा ठेवला तो बराचसा त्याच्या वाघाच्या शिकारींमुळे, असं त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्याकडे ना मीडियम बोअर, ना वजनांचे तक्ते. तोंडाने ठासायची बंदूक, भाला आणि वाटाड्या भिल्ल. म्हणजे वाघ मारणाऱ्याने वजनाचा फारसा विचार केला नाही, आणि वजनाचा विचार मी करतोय, ज्याने आयुष्यात जिनिंगमधले उंदीर सोडून काही मारलेलं नाही.

गोळीनंतर दारू. या शब्दाने माझी गावातली उरलीसुरली अब्रू घालवली.

मी शालकाशी फोनवर बोलत होतो, एसटी थांब्यावर, थोडं मोठ्याने. "जड गोळीला सावकाश जळणारी दारू लागते, हलकीला भरकन जळणारी." मागे आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष उभे होते. त्यांना 'गोळी', 'दारू' आणि 'जळणारी' एवढंच कळलं. दोन दिवसांनी घरी येऊन त्यांनी सौ.ला बाजूला घेऊन व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला.

पण मला जर कशाने वेड लावलं असेल तर या दारूनेच. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा; एक बार काढला की धुराने समोरचं रान दिसेनासं व्हायचं. नवी, बिनधुराची दारू १८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच माणसाने केली. कशापासून? कापसापासून! कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लाची प्रक्रिया केली की तो दिसायला कापूसच राहतो, पण ठिणगी लागली तर भक्कन नाहीसा होतो. तीस वर्षं मी कापसाच्या गाठींचे आकडे लिहिले. सरकीवर जी बारीक लव चिकटून उरते, तिला आम्ही कवडीमोल धरायचो. जगातली कितीतरी दारू त्याच लवेतून निघते हे कळल्यावर मला घोर अन्याय वाटला. आख्खं आयुष्य बारुदखान्याच्या कच्च्या मालावर बसून काढलं आणि भीती कसली बाळगली, तर मालकाची.

पुढे १८८९ साली इंग्रजांनी कॉर्डाइट काढलं : अठ्ठावन्न टक्के नायट्रोग्लिसरीन, सदतीस टक्के तो स्फोटक कापूस, आणि पाच टक्के व्हॅसलीन. होय, थंडीत ओठांना लावतात तेच. हे मिश्रण चाळणीतून दाबून काढायचं, म्हणजे त्याच्या दोऱ्या पडायच्या. काडतूस फोडलं तर आत शेवयांची जुडी. आमच्याकडे चैत्र-वैशाखात खाटेवर शेवया वाळत घालतात, त्यातली मूठभर पितळी नळीत कोंबली असं समजा. या शेवयांना एक खोड होती. ऊन लागलं की त्या अंगात येऊन जळायच्या, नळीतला दाब वाढायचा. म्हणून विलायतेतले कारखाने हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी दारूचं माप थोडं कमी भरत आणि त्याला 'ट्रॉपिकल' लोड म्हणत. मे महिन्यात नरडाण्याच्या पत्र्याखाली बसून हे वाचताना मला त्या शेवयांबद्दल आपुलकी वाटली. पारा चव्वेचाळीसवर गेला की आमचंही डोकं तसंच जळतं, फक्त आमचं माप कमी करायला विलायतेत कोणी बसलेलं नाही.

जळण्याच्या वेगाचं म्हणाल तर ते चुलीपाशी बसून कळतं. पऱ्हाटी टाकली की भडका, चहा उकळतो, आणि राख. बाभळीचं खोड टाकलं की रात्रभर धग. लहान नळकांड्यात हलकी गोळी असेल तर पऱ्हाटी चालते, ती पटकन ढकलून मोकळी होते. मोठ्या नळकांड्यात जड गोळीमागे पऱ्हाटी घातली तर गोळी हलायच्या आत दाब कपाळाला येतो, आणि कपाळ आपलं असतं. तिथे बाभूळ हवी, म्हणजे गोळी नळीतून सरकेपर्यंत मागून नेट लागत राहतो. परदेशात यासाठी शंभरावर दारू डब्यांतून मिळतात, नंबर टाकलेल्या, आणि माणसं गॅरेजमध्ये बसून तोळा-मासा तोलून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. त्यांच्या बायका काय म्हणतात यावर एकाही पुस्तकात प्रकरण नाही.

एवढा अभ्यास झाल्यावर मी बंदूकविक्रेत्याला फोन लावला. दोन जिल्हे पलीकडचा, नाव राहू द्या. आवाज भारदस्त केला.

"तीनशेपंधराची काडतुसं हवी होती. गोळी कुठल्या वजनाची आहे आपल्याकडे?"

"काका, एकच येते."

"दोनशे चव्वेचाळीस ग्रेन?"

"असेल."

"आणि दारू कुठली आहे आत?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "काका, सरकारी आहे."

"बरं, नाक मऊ आहे का कडक?"

"नाक मऊ आहे. भाव कडक आहे. परवान्याची झेरॉक्स घेऊन या."

झालं. आठ महिने वाचलेलं सगळं त्या 'एकच येते' मध्ये संपलं. स्वतः काडतूस भरायचं म्हटलं तर शस्त्र कायद्यात तो निर्मितीचा वेगळा परवाना, आणि एका परवान्यात माझे केस पिकलेले. मुलगी एकच, स्थळ एकच, आणि मी पत्रिका जुळवत बसलो होतो.

गंमत अशी की गोळ्यांचा दुष्काळ आमच्या खानदेशात मुळीच नाही. भुसावळच्या पुढे वरणगावला १९६४ सालापासून मोठा गोळ्यांचा कारखाना उभा आहे. नरडाण्याहून त्याच दिशेला गाडी जाते. तिथे फौजेसाठी ५.५६ आणि ७.६२ च्या गोळ्या बनतात. त्यातली एकही माझ्या रायफलीत बसत नाही, आणि बसू नये हाच .३१५ चा जन्महेतू. इंग्रज सरकारला धास्ती होती की फौजेची .३०३ ची गोळी रयतेच्या बंदुकीत गेली तर पंचाईत. म्हणून रयतेला वेगळं माप. १९०७ मध्ये त्यांनी .४५० ची मापंही हिंदुस्थानात बंद केली. तेव्हा लंडनच्या बंदूककारांनी काय केलं? .४६५ काढली, .४७० काढली, .४७५, .४७६ काढली. कायद्यात .४५० लिहिलंय ना, मग आमची .४७० आहे, साहेब. जुगाड हा शब्द आपल्याकडचा असेल, विद्या मात्र लंडनलाही पोचलेली होती.

मग मागच्या हिवाळ्यात खराखुरा प्रसंग आला. माझ्या हरभऱ्यात रानडुकरं शिरली. एका रात्रीत अर्धा बिघा नांगरून गेली, आणि नांगरटीचे पैसेही घेतले नाहीत. आबांच्या तुरीत रोही. फाट्यावरच्या बाकड्याला अचानक माझी आठवण झाली. "भाऊ, तुमनी ती मीडियम बोअर काढा ना आते!"

आता कायद्यानेही फट आहे. पिकाची नासाडी करणारी रोही आणि रानडुक्कर वनक्षेत्रपालाची रीतसर परवानगी घेऊन परवान्याच्या बंदुकीने मारायला राज्य सरकारने २०१५ साली मुभा दिली. मी अर्ज लिहिला. त्यात गोळीचं वजन ग्रेनमध्ये, ग्रॅममध्ये आणि कंसात तोळे-मासे-गुंजांतही टाकलं. रायफल डोळ्यांपुढे आणून पाहिली, आणि मग आठवलं की ती घरात नाहीच. निवडणूक लागली होती. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा. लोकसभा झाली की विधानसभा, मग नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती. माझी रायफल माझ्यापेक्षा जास्त दिवस पोलिसांकडे राहिलेली आहे. तिथला हवालदार तिला तेल लावतो, मी लावत नाही. ती आता त्याचं ऐकत असणार.

ठाण्याची पावती घेऊन मी आबांच्या शेतावर गेलो. त्यांना समजावून सांगितलं की रायफल नाही, पण असती तर २४४ ग्रेनची गोळी डुकराला पुरेशी होती, मऊ नाकाची असल्यामुळे आत गेल्यावर फुलते, तरी मी स्वतः जरा जड पसंत केली असती.

आबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "डुक्करले काय मालूम, गोळी कितला तोळानी शे?"

आणि त्यांनी बांधाकडे बोट दाखवलं. बांधाच्या कडेने काठ्या रोवलेल्या, आणि काठ्यांना साड्या. आजीची जांभळी, सुनेची पिवळी, कुठलीतरी लग्नातली भरजरी लाल, जिची जर काळी पडली होती. वारा आला की सगळ्या एकदम फडफडायच्या. लांबून बघितलं तर हळदीकुंकवाला बायका जमल्यासारख्या.

"तीन रात ग्यात," आबा म्हणाले. "डुक्कर उनाच नही."

मी घरी आलो. सौ.ने माझं सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं, आणि एकही साडी न देता बंद केलं. दिवाळीतला दीड तोळा ती विसरलेली नाही.

तेव्हा माझा हरभरा अजून उघडाच आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी नको असलेल्या जुन्या साड्या असतील तर कृपया नरडाण्याला पाठवाव्यात. नऊवारी असेल तर उत्तम, बांध जास्त भरतो. रंग भडक हवा. वजनाची अट नाही.